उणे 24 अंश आणि सकाळी 8 चा वर्ग

प्रश्न : माझा मुलगा गेल्या ऑगस्टपासून अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस येथे, मिनेसोटा विद्यापीठात एम. एस. करत आहे. जानेवारीत एका सकाळी तेथे तापमान उणे 24 अंश होते आणि वाराही जोराचा होता. शहरातील शाळा बंद होत्या, मात्र विद्यापीठाकडून ‘वर्ग नेहमीप्रमाणे होतील, प्रत्येकाने आपल्या सुरक्षिततेचा विचार करून निर्णय घ्यावा’ असा निरोप आला. बस वेळेवर न आल्याने तो 25 मिनिटे चालत गेला. पोहोचला तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पांढरी पडून बधिर झाली होती. त्याने ती हीटरवर धरून शेकली, पण अजून तेथे मुंग्या येतात. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाने एक दिवस वर्ग रद्द केले, तर हा तीन मित्रांबरोबर गोठलेला तलाव पाहायला गाडीने डलुथला गेला. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे की, कर्ज काढून पाठवले आहे, एकही वर्ग चुकता कामा नये, आणि गैरहजेरीमुळे व्हिसावर परिणाम होईल. मला वाटते की अशा हवेत वर्ग चालू ठेवल्याबद्दल विद्यापीठालाच पत्र लिहावे. मी काय करावे? मी विणलेली लोकरीची माकडटोपी आणि हातमोजे पाठवावेत का, हेही कळवा.
– एक आई, सातारा

उत्तर :

सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, म्हणून मी तेथूनच सुरुवात करते. बोटे पांढरी पडली, बधिर झाली आणि अजूनही मुंग्या येतात, याचा अर्थ त्या दोन टोकांना थंडीची इजा झालेली आहे. हिमदंशाची ती सुरुवात असू शकते, आणि ती किती खोल आहे हे फोनवरून तुम्हाला किंवा मला ठरवता येणार नाही. त्याच्या विद्यापीठात बॉयन्टन हेल्थ नावाचा विद्यार्थ्यांचा दवाखाना आहे. त्याने या आठवड्यातच तेथे जाऊन बोटे दाखवावीत. तो ‘आता बरे आहे’ असे म्हणेल, तरीही पाठवा. एकदा अशी इजा झालेली त्वचा पुढच्या थंडीला अधिक लवकर बळी पडते, आणि मिनेसोटाचा हिवाळा मार्च उजाडला म्हणून संपत नाही.

हीटरवर बोटे शेकणे ही चूक होती. ती त्याची एकट्याची नव्हे, आपल्याकडून गेलेल्या बहुतेक मुलांची असते, कारण गारठलेला हात शेकोटीवर धरायचा हे आपण लहानपणापासून करत आलो आहोत. साताऱ्याच्या थंडीत ते चालते. बधिर झालेल्या त्वचेला चटका बसलेला कळत नाही आणि थंडीच्या इजेवर भाजल्याची इजा होते. बोटे चोळायची नाहीत, त्यावर बर्फ तर मुळीच लावायचा नाही. अंगाच्या उष्णतेइतक्या, म्हणजे साधारण 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात ती बुडवून ठेवायची, आणि पुन्हा थंडीत जावे लागणार असेल तर त्यापूर्वी हे करायचे नाही, कारण एकदा सैल झालेली बोटे पुन्हा गोठली तर नुकसान अधिक होते. आणखी एक गोष्ट त्याला सांगा. तिकडच्या सूचनाफलकांवर ‘त्वचा लाल होते, मग पांढरी पडते’ असे लिहिलेले असते, ते गोऱ्या त्वचेला धरून लिहिलेले असते. आपल्या सावळ्या रंगावर तो बदल सहज दिसत नाही; कातडी राखाडी, मेणासारखी आणि कडक वाटू लागते. म्हणून रंगाची वाट न पाहता, बोट, कान किंवा नाकाचा शेंडा बधिर वाटला की लगेच जवळच्या कोणत्याही इमारतीत शिरायचे.

आता त्या सकाळच्या आकड्याकडे पाहू. तुम्ही संध्याकाळी साडेसात वाजता साताऱ्यात फोनवर उणे 24 पाहता, तेव्हा तेथे सकाळचे आठ वाजलेले असतात, आणि सूर्योदयाच्या सुमाराची ती वेळ बहुधा संपूर्ण दिवसातील सर्वांत थंड वेळ असते. परंतु चालणाऱ्या माणसासाठी तो आकडा अपुरा आहे. अमेरिका आणि कॅनडा यांच्या हवामान खात्यांनी 2001 मध्ये मिळून स्वीकारलेल्या सूत्रानुसार, उणे 24 अंश तापमानात ताशी 25 किलोमीटर वेगाचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते सुमारे उणे 37 इतके जाणवते, आणि अशा हवेत उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. तुमचा मुलगा 25 मिनिटे चालला. तो निष्काळजी होता असे मी म्हणणार नाही. त्याने तापमान पाहिले आणि वारा पाहिला नाही, एवढेच झाले. यापुढे त्याने घरातून निघताना वाऱ्यासह जाणवणारे तापमान पाहावे आणि उघड्यावर नेमकी किती मिनिटे जाणार आहेत याचा हिशेब करावा. बसथांब्यावर उभे राहण्याची मिनिटे त्यात धरायची, आणि बस आली नाही तर काय करायचे हेही निघण्यापूर्वीच ठरवायचे.

शाळा बंद आणि विद्यापीठ सुरू, हा विरोधाभास तुम्हाला खुपला आहे आणि तो कोणालाही खुपेल. आपल्याकडे अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकारी किंवा महापालिका सुट्टी जाहीर करते आणि शाळा-महाविद्यालये एकदमच बंद होतात, त्यामुळे तिकडेही असा एक अधिकारी असेल असे आपण गृहीत धरतो. तेथे विद्यापीठ आपला निर्णय स्वतः घेते. 6 जानेवारी 2014 रोजी मिनेसोटाचे तत्कालीन गव्हर्नर मार्क डेटन यांनी थंडीमुळे राज्यभरातील सार्वजनिक शाळा बंद ठेवण्याचा आदेश दिला होता आणि 17 वर्षांत असे प्रथमच घडले होते. पण तो आदेश शाळांपुरता होता. लहान मुले पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेला बसची वाट पाहत उभी राहतात, कडाक्याच्या थंडीत डिझेल घट्ट होऊन बस सुरूच होत नाहीत, आणि सात वर्षांच्या मुलाने हातमोजा काढून टाकला तर त्याला सांगणारे जवळ कोणी नसते. विद्यापीठाचे गणित वेगळे असते. हजारो विद्यार्थी वसतिगृहात राहतात, त्यांची खानावळ आणि इमारती उबदार ठेवणारी यंत्रणा कोणत्याही हवेत बंद करता येत नाही, प्रयोगशाळांतील प्राण्यांना रोज खाणे द्यावे लागते. म्हणजे वर्ग रद्द झाले तरी स्वयंपाकी, बर्फ उपसणारे आणि बॉयलरवरचे कामगार येतातच. त्यातच सत्र जेमतेम 15 आठवड्यांचे, त्यामुळे बुडालेला दिवस भरून काढणे अवघड जाते.

तरीही विद्यापीठे बंद होतात, आणि कधी होतात हे पाहिले तर त्यांचा विचार कळतो. मिशिगन विद्यापीठाने 28 जानेवारी 2014 रोजी ॲन आर्बर येथील वर्ग थंडीमुळे रद्द केले, तेव्हा 1978 नंतर हवामानामुळे तसे करण्याची ती पहिली वेळ होती. त्याच दिवशी दक्षिणेतील अटलांटा शहर सात सेंटीमीटरही न भरणाऱ्या बर्फाने ठप्प झाले, लोक रात्रभर गाड्यांत अडकले आणि मुलांनी शाळेतच रात्र काढली. बर्फ किती पडला आणि पारा किती उतरला यापेक्षा त्या गावाची तयारी किती, यावर सारे अवलंबून असते. मिनेसोटाची तयारी मोठी आहे. तुमच्या मुलाच्या कॅम्पसवर इमारतींना जोडणारे भुयारी मार्ग आणि बंदिस्त पूल आहेत, त्या साऱ्या जाळ्याला ‘गोफर वे’ म्हणतात. एकदा आत शिरल्यावर एका इमारतीतून दुसरीत जाताना बऱ्याच ठिकाणी बाहेर पडावेच लागत नाही. त्याने एखाद्या सुट्टीच्या दुपारी ते मार्ग नकाशा घेऊन चालून पाहावेत. आणि त्या तयारीलाही मर्यादा असते. 30 जानेवारी 2019 रोजी ध्रुवीय प्रदेशातील थंड हवा खाली उतरली, मिनिआपोलिसमध्ये पारा उणे 33 अंशांच्या आसपास गेला आणि वाऱ्यासह ते उणे 45 च्याही खाली जाणवले, तेव्हा या विद्यापीठानेही वर्ग रद्द केले. त्या दिवशी त्या राज्यात टपालसुद्धा वाटले गेले नाही.

या सगळ्यावरून तुमच्या लक्षात येईल की ‘वर्ग सुरू आहेत’ हे विधान इमारतींविषयी आहे. इमारती उबदार आहेत, दिवे चालू आहेत, शिक्षक बहुधा येतील, इतकेच ते सांगते. तुमच्या मुलाच्या घरापासून कॅम्पसपर्यंतच्या दोन किलोमीटरांविषयी, न आलेल्या बसविषयी आणि त्याच्या पातळ हातमोज्यांविषयी ते काहीही सांगत नाही. ‘प्रत्येकाने आपल्या सुरक्षिततेचा विचार करून निर्णय घ्यावा’ हे त्या निरोपातील दुसरे वाक्य त्याच्यासाठी होते, आणि मला वाटते, आपली मुले नेमके तेच वाक्य वाचत नाहीत. त्यांना ते औपचारिक वाटते. वस्तुतः तो त्यांना दिलेला अधिकार असतो.

हे मी इतक्या ठामपणे का लिहिते, ते सांगते. मी अमेरिकेच्या त्याच भागातील एका विद्यापीठात काही वर्षे शिकवले आहे. तेथील माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी विद्यापीठ सुरू होते आणि माझ्या वर्गात छोटी चाचणी होती. मी स्वतः गाडीने आले, इमारतीखालच्या वाहनतळात गाडी लावली आणि थंडीचा विचारही न करता चाचणी घेतली. निम्मा वर्ग रिकामा होता. आलेल्यांत हैदराबादहून आलेली एक मुलगी होती. ती पेन धरू शकत नव्हती, आणि उशिरा का लिहायला लागली असे मी तिला विचारले तेव्हा तिने माफी मागितली. तिचे कान मी नंतर पाहिले. जे आले नाहीत त्यांतल्या स्थानिक मुलांनी मला आदल्या रात्रीच मेल केले होते आणि मी त्यांना दुसऱ्या दिवशी चाचणी द्यायला सांगितले होते. ज्या मुलीने मला काहीही विचारले नाही, तिलाच त्याची किंमत मोजावी लागली. शिक्षकाला विचारणे म्हणजे कामचुकारपणा, अशी तिची समजूत होती, आणि विचारले तरी चालेल असे मीही कधी स्पष्ट सांगितले नव्हते. त्यानंतरच्या प्रत्येक सत्रात मी पहिल्याच दिवशी वर्गाला ते सांगत आले, पण त्या मुलीच्या कानांना त्याचा उपयोग नव्हता.

म्हणून तुमच्या मुलाने शिकायची पहिली गोष्ट म्हणजे वेळेवर लिहिलेला मेल. हवा बिघडणार हे दोन-तीन दिवस आधी कळलेले असते. आदल्या संध्याकाळी त्याने प्राध्यापकांना चार ओळी लिहाव्यात की, ‘उद्या सकाळी वाऱ्यासह तापमान उणे 37 पर्यंत जाईल असा अंदाज आहे, मी कॅम्पसपासून 25 मिनिटांच्या अंतरावर राहतो आणि माझ्याकडे गाडी नाही. बस चालू असल्यास मी येईनच. न आल्यास चाचणी कधी देता येईल, किंवा वर्ग ऑनलाइन पाहता येईल का, ते कृपया कळवावे.’ यात विनवणी नको, लांबलचक कारणे नकोत आणि आजारी असल्याची खोटी सबब तर नकोच. असा मेल वाचून कोणताही समंजस शिक्षक विद्यार्थ्याला हलका लेखत नाही. प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला जो सिलॅबस मिळतो, त्यात गैरहजेरी आणि चुकलेल्या चाचणीचे नियम लिहिलेले असतात. तो त्याने या रविवारी चारही विषयांचा काढून वाचावा. एखाद्या शिक्षकाचा नियम खरोखरच कडक असेल, तर ते हिमवादळाच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. कॅम्पसवर तासांवर काम करत असेल तर तेथेही हाच प्रश्न आधी विचारून ठेवावा, कारण वर्ग रद्द झाले म्हणून त्याचे काम आपोआप रद्द होतेच असे नाही, आणि काम रद्द झाले तर त्या तासांचा पगार मिळेलच असेही नाही.

त्याच्या वडिलांच्या मनातील दोन्ही शंका मी हलक्यात घेत नाही. व्हिसाचे आधी सांगते, कारण ते सोपे आहे. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याने सत्रात पूर्ण वेळेचे विषय घेतलेले असावेत आणि अभ्यासक्रमात त्याची प्रगती असावी, ही अट असते. थंडीमुळे एखाद्या दिवशी वर्गाला न गेल्याने तिला धक्का लागत नाही. मनात किंतु उरला तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला त्याने एक मेल लिहून खात्री करून घ्यावी.

पैशांची गोष्ट अधिक नाजूक आहे. फी भागिले तासिका, असा हिशेब घराघरांत होतो आणि एका तासिकेचे काही हजार रुपये निघतात, हे मला ठाऊक आहे. कर्जाचा हप्ता ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांना तो हिशेब करू नका असे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु तो हिशेब मुलाच्या कानावर पडला की तो ओझे होऊन त्याच्याबरोबर चालतो. त्या सकाळी बस आली नाही तेव्हा परत फिरण्याऐवजी तो पुढे चालत राहिला, त्यामागे मला वर्गाची गोडी जितकी दिसते तितकीच ही भीतीही दिसते. त्याच्या वडिलांनीच त्याला एकदा फोनवर, त्यांच्या स्वतःच्या आवाजात, असे सांगावे की, ‘हवा धोक्याची वाटली तर घरी थांब, मी रागावणार नाही आणि पैसे वाया गेले असे म्हणणार नाही.’ हे वाक्य आईने सांगून भागणार नाही, कारण ती भीती तुमच्या शब्दांनी बसलेली नाही. ते कसे सांगायचे हे त्यांना कळत नसेल तर त्यांना 26 जुलै 2005 ची आठवण करून द्या. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि कार्यालयातून ‘वेळेवर’ निघालेली किती माणसे घरी पोहोचलीच नाहीत, हे त्या पिढीतील प्रत्येकाला ठाऊक आहे. मुंबईत त्या दिवशी कोणी ओळखीचे असते, तर तुम्ही त्याला ‘जेथे आहेस तेथेच थांब’ असेच म्हटले असते.

आता दुसरा दिवस, ज्या दिवशी वर्ग रद्द झाले आणि हे चौघे डलुथला गेले. खरे सांगायचे तर मला पहिल्या दिवसापेक्षा या दिवसाची काळजी अधिक वाटते. मिनिआपोलिसपासून डलुथ सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे, आणि विद्यापीठाने वर्ग रद्द केले ते माणसांनी रस्त्यावर येऊ नये म्हणूनच. ‘बंद’ या शब्दाचा अर्थ आपल्या कानाला सुट्टी असा लागतो, पण तो इशारा असतो. जानेवारी 2019 च्या त्याच थंडीच्या लाटेत आयोवा विद्यापीठाचे वर्ग रद्द झालेले होते, आणि 30 जानेवारीच्या पहाटे तेथील 18 वर्षांचा एक विद्यार्थी कॅम्पसवरच एका इमारतीबाहेर सापडला आणि नंतर त्याचा मृत्यू झाला. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. तुमच्या मुलाला आणि त्याच्या मित्रांना हे माहीत असायला हवे, कारण वर्ग रद्द झाल्याचा निरोप आल्यानंतर मुले एकमेकांच्या घरी जमतात, मद्यही घेतले जाते, आणि मद्याने अंग गरम वाटत असले तरी शरीराची उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते. अशा रात्री कोणीही एकट्याने चालत घरी परतू नये, आणि परतणाऱ्याने पोहोचल्याचा निरोप दिल्याशिवाय बाकीच्यांनी झोपू नये. कोणाची जीभ अडखळू लागली, तो गोंधळल्यासारखा किंवा पेंगुळल्यासारखा वागू लागला, तर ती झोप समजून सोडून देऊ नये. ताबडतोब 911 या तेथील आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा.

गाडीविषयी त्या चौघांना बहुधा माहीत नसलेली एक गोष्ट अशी की, रस्त्यावर टाकलेले मीठ साधारण उणे 9 अंशांच्या खाली फारसे काम करत नाही. म्हणजे ज्या दिवशी रस्ता सर्वांत धोक्याचा असतो, त्याच दिवशी तो निसरडाच राहण्याची शक्यता अधिक. डांबरावर बसलेला बर्फाचा पातळ थर काळाच दिसतो आणि ओला रस्ता वाटतो. इतक्या थंडीत गाडीची बॅटरीही दगा देते. निघावेच लागले तर राज्याच्या 511 या सेवेवर रस्त्यांची स्थिती पाहावी, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये, आणि गाडीत ब्लँकेट, फावडे, पाणी, खाणे आणि फोनचा चार्जर ठेवावा. गाडी अडकली तर ती सोडून मदत शोधायला चालू लागायचे नाही. गाडीतच थांबायचे, धूर बाहेर टाकणाऱ्या नळीभोवतीचा बर्फ आधी काढायचा आणि तासाला सुमारे 10 मिनिटेच इंजिन चालू ठेवायचे, कारण ती नळी बर्फाने बंद असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो आणि त्याला वास नसतो. याच कारणासाठी खोलीतील हीटर बंद पडला तरी स्वयंपाकाच्या गॅसवर किंवा कोळशावर खोली गरम करायची नाही, हेही त्याला बजावा. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये वीज गेली तेव्हा लोकांनी असेच केले. त्या वादळात तेथे अधिकृत नोंदीनुसार 246 माणसे गेली, त्यांत या विषारी वायूचे बळीही होते.

डलुथचा गोठलेला तलाव पाहावासा वाटणे यात वावगे काही नाही. सुपीरियरसारखे सरोवर त्याने उभ्या जन्मात पाहिलेले नाही. हवेचा इशारा नसलेल्या एखाद्या शनिवारी, दिवसा, त्या रस्त्यावर आधी गाडी चालवलेल्या माणसाबरोबर जाऊ द्या.

विद्यापीठाला पत्र लिहिण्याविषयी. तुम्ही लिहू नये असे माझे मत आहे. अमेरिकेत सज्ञान विद्यार्थ्याच्या बाबतीत विद्यापीठ पालकांशी सहसा बोलत नाही, त्यामुळे तुम्हाला आभाराचे दोन ओळींचे उत्तर येईल आणि मुलाला मात्र अवघडल्यासारखे होईल. दुसरेही कारण आहे. जानेवारी 2014 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन येथील तत्कालीन चॅन्सेलर फिलिस वाइज यांनी कडाक्याच्या थंडीत सोमवारचे वर्ग सुरू राहतील असे रविवारी कळवले. त्यावर काही विद्यार्थ्यांनी त्यांचे चिनी मूळ आणि त्यांचे स्त्री असणे यांवरून समाजमाध्यमांवर अत्यंत हीन शब्दांत त्यांची निंदा केली. निर्णय योग्य होता की अयोग्य, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच पडला. त्याच विद्यापीठाने 30 जानेवारी 2019 रोजी वर्ग रद्द केले. म्हणजे असे निर्णय बदलू शकतात, पण त्यासाठी बोलायचे ते मुद्द्यावर. तुमच्या मुलाचे म्हणणे रास्त आहे आणि ते त्याने स्वतः मांडावे. विद्यार्थी प्रतिनिधींकडे किंवा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे त्याने लिहावे की, वर्गांबाबतचा निर्णय सकाळी नव्हे तर आदल्या संध्याकाळी कळावा. बस बंद असतील तर चाचण्या पुढे ढकलाव्यात. आणि उष्ण देशांतून पहिल्यांदाच आलेल्या विद्यार्थ्यांना हिमदंश आणि कपडे यांविषयी ऑक्टोबरमध्येच समजावून सांगावे. त्याच्या दोन बोटांचा अनुभव त्याने त्यात जरूर लिहावा.

राहिली माकडटोपी. ती अवश्य पाठवा. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते, सुती टोपी आणि सुती बनियन मात्र घाम शोषून अंगाला गार करतात. त्यामुळे आतून घालायचे कपडेही सुती नसावेत. टोपी मान झाकेल इतकी लांब विणा, आणि तो ती घालायला लाजत असेल तर त्याला सांगा की उणे 30 अंशांत तेथील बसथांब्यावर सगळ्यांचे फक्त डोळेच दिसत असतात. हातमोजे पाठवू नका. विणलेल्या मोज्यांच्या छिद्रांतून वारा शिरतो आणि पाच बोटे पाच खोल्यांत वेगवेगळी गारठतात. त्याने तेथेच वारा अडवणारे, चारही बोटे एकत्र राहतील असे जाड मिटन विकत घ्यावेत. त्यांचे पैसे त्याच्या वडिलांनी पाठवावेत, आणि त्यासाठी ते फोन करतील तेव्हाच त्यांनी आधी सांगितलेले वाक्यही बोलावे.